वायर कशी आणि कुठे जळलीय ते आधी बघा, सेट बदलायचा का ते नंतर

प्रश्न नीट वाचला. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फिॲटच, ओझरजवळच्या मळ्यात शेडमध्ये सात वर्षं उभी होती, उंदरांनी आत घर केलं, आता तुम्ही ती टोचन करून नाशकात आणली, हौसेने नवी बॅटरी लावली, हेडलाइटचं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात डॅशबोर्डखालून धूर. घाबरून टर्मिनल उपटलंत ते बरं केलंत. आता एक इलेक्ट्रिशियन म्हणतो पूर्ण वायरिंग सेट नवा टाका, दुसरा म्हणतो जळाली तेवढी कापतो, जोडून टेप मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. तुम्ही विचारताय कोणाचं ऐकू, आणि यातलं किती काम घरी होईल.

माझं म्हणाल तर अजून दोघांचंही ऐकू नका, कारण दोघांनी गाडी उघडून न बघताच सांगितलंय. मी चौतीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतोय, द्वारकेच्या बाजूला दुकान आहे, आणि सुरुवात केली तेव्हा फिॲट आणि ॲम्बॅसिडर म्हणजे काही क्लासिक वगैरे नव्हत्या, रोजची भाकरी होती, मुंबई-नाशिक टॅक्सीवाले कसारा घाट चढून आले की निम्म्यांची लाइट गेलेली असायची आणि पहाटेच्या आत लावून द्यावी लागायची. तेव्हा एक गोष्ट उस्तादांनी डोक्यात बसवली, ती म्हणजे जळालेली वायर कापून फेकायची नाही, हातात घेऊन आधी बघायची. कशी जळलीय ते बघितलं की का जळली ते निम्मं कळतं, आणि का जळली ते न कळता नवीन टाकलीत तर ती पण जळणारच, फक्त तुमचे पैसे आणखी जातील.

बघायचं काय ते सांगतो. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच भाजली असेल, आवरण फुगलेलं, शेजारच्या वायरींना चिकटलेलं, तर त्या वायरीतून तिला झेपत नाही इतका करंट गेलाय, म्हणजे पुढे कुठेतरी ती बॉडीला टेकलीय किंवा कोणीतरी दांडगा बल्ब नाहीतर हॉर्न लावलाय. वायर फक्त टोकाला, थिंबलपाशी (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) किंवा फ्यूजपाशी इंच-दीड इंच काळी पडली असेल आणि पुढे चांगली मऊ असेल तर वायरीचा दोष नाही, तिथला कॉन्टॅक्ट ढिला किंवा गंजलेला आहे आणि तिथेच गरम होतोय. आणि तिसरं म्हणजे आवरण कुरतडलेलं पण तांबं उघडं आणि चकचकीत, ते उंदराचं काम, त्यात करंटचा काही संबंध नाही, पण तेच उघडं तांबं पत्र्याला टेकलं की पहिल्या प्रकारचं जळणं सुरू. तुमच्या गाडीत बहुतेक असंच झालंय, पुढे हेडलाइटकडे जाणारी वायर उंदराने सोलली, ती पत्र्याला लागली, आणि त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटला नाहीतर इग्निशनला फ्यूजच नसायचा, किंवा असला तरी मधल्या कोणीतरी त्याला बायपास केलेलं असतं, त्यामुळे थांबवणारं कोणी नाही, वायरच फ्यूज होऊन बसली. बहुतेक म्हणतोय, कारण फोटोत फक्त जळालेला गुच्छा दिसतोय, तो कुठून निघाला आणि कुठे चाललाय ते दिसत नाही.

आता यात काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्हालाच माहीत असणार. शेडमध्ये गाडीशेजारी खताच्या गोण्या होत्या का? द्राक्षबागेच्या शेडमध्ये हमखास असतात म्हणून विचारतो. अमोनियम सल्फेट, युरिया, शिवाय बोर्डोच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद, हे सगळं पावसाळ्यात ओल धरतं, आणि अमोनियाचं तांब्याशी अजिबात जमत नाही, ते वायरीच्या टोकातून आत शिरतं आणि आवरण बाहेरून अगदी नवंकोरं दिसत असताना आतलं तांबं हिरवं नाहीतर काजळीसारखं काळं करून टाकतं. पिंपळगावकडची एक जीप माझ्याकडे आली होती, बाहेरून वायरिंग बघून मी स्वतः मालकाला सांगितलं की दादा काही नाही, दोन तासांचं काम, आणि मग सोलत गेलो तर सहा इंच काळं, फूटभर काळं, दोन फूट गेलो तरी काळंच. दोन तासांचे पाच दिवस झाले. तेव्हापासून मी बाहेरून बघून आकडा सांगत नाही.

म्हणून निर्णयाआधी एवढं करा. बॅटरी काढलेलीच आहे, ती तशीच ठेवा. हातात रबरी मोजे घाला, मास्क लावा, उंदराची घाण आहे ती, लेप्टो वगैरे उगीच नको. चार-पाच ठिकाणी, पुढे हेडलाइटपाशी, फ्यूज बॉक्सपाशी, इंजिनच्या बाजूला, मागे डिकीत, वायर बोटाभोवती गुंडाळून बघा. आवरणाला तडे गेले, पापडासारखं मोडलं, तर त्या भागाचं आयुष्य संपलं, त्यावर वाद नाही. वाकली, मऊ आहे, तर टोक अर्धा इंच सोला आणि तांब्याचा रंग बघा. नवीन तांब्याच्या भांड्यासारखं लालसर चमकलं तर वायर ठेवायची. काळं असेल तर आणखी इंचभर कापून परत सोला. चार-सहा इंचांत चांगलं तांबं लागलं तर टोक कापून नवीन थिंबल बसेल, नाही लागलं तर ती वायर पूर्ण बदला. काळ्या तांब्यावर ना सोल्डर बसतं ना थिंबल नीट पकड घेतं, कितीही घासा.

आणखी एक, मीटरच्या पी-पीवर जाऊ नका. मल्टिमीटर बझरवर टाकून दोन टोकांना लावला, वाजला, म्हणजे वायर चांगली असा समज आहे. वायरीत चौदा तारा असतील आणि तेरा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर वाजतो, त्याला फक्त रस्ता आहे का एवढंच कळतं, किती रुंद आहे ते कळत नाही. म्हणून वायरीला काम देऊन तपासायचं, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब त्या वायरीतून पेटवून बघायचा, नीट पेटला तर ठीक, मिणमिणला तर आत गडबड.

हे झालं वायरींचं. पण खरं सांगू का, जुन्या गाडीत वायर हा आजाराचा छोटा भाग असतो, बाकीचं सगळं जोडांत आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत जातो त्या वाटेत, असतं, आणि नवीन सेट टाकणारे हेच सांगत नाहीत. मागच्या वर्षी एक पद्मिनी आली, लाइट पिवळी, मेणबत्तीसारखी, मालकाला दुसरीकडे सेट बदलायला सांगितलेलं. मी लाइट चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर १२.४ व्होल्ट, आणि बल्बच्या दोन पिनांवर मोजलं तर ९.८. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेत गायब. मग एकेक टप्पा मोजत गेलो, एक प्रोब स्विचच्या आत येणाऱ्या बाजूला आणि दुसरा बाहेर जाणाऱ्या बाजूला, असं. स्विचमध्ये ०.९, फ्यूजच्या क्लिपांत ०.६, अर्थमध्ये ०.७, आणि राहिलेले ०.४ सगळ्या वायरींत मिळून. त्या मालकाने नवीन सेट टाकला असता तर ते ०.४ चे फार तर ०.२ झाले असते आणि लाइट होती तशीच पिवळी राहिली असती! साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो, व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो, त्या गाडीत तर निम्म्याहून कमी राहिला होता. स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ केले, फ्यूज क्लिपा घासून दाबून घट्ट केल्या, अर्थ नवीन केला, वायर एकही बदलली नाही.

साधारण अंदाज म्हणून सांगतो, लोड, म्हणजे लाइट वगैरे, चालू असताना पॉझिटिव्हच्या पूर्ण वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि अर्थच्या बाजूला ०.२ पेक्षा जास्त जात असेल तर काहीतरी शोधायचं आहे असं समजा.

फ्यूजवरून आठवलं, फिॲट घराण्यात ते चिनी मातीचे, दोन्हीकडे निमुळते फ्यूज असतात, वरून धातूची पट्टी गेलेली. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. त्यांची पकड फक्त क्लिपच्या स्प्रिंगवर असते, ती ढिली झाली की तिथे गरम होतं, प्लास्टिकचा बॉक्स वितळतो, आणि मग कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतो की झालं तुमचं काम. तुमच्या बॉक्समध्ये ती चांदी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पण तिथून पुढची प्रत्येक वायर संशयित धरा. ॲम्बॅसिडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत काचेचे फ्यूज, त्यांच्यावर ३५ लिहिलेलं असतं पण तो उडण्याचा आकडा, सतत चालवायला तो साधारण १७ चाच, त्यामुळे बाजारातला आजकालचा ३५ चा फ्यूज त्याच्या जागी घातला की संरक्षण निम्मं गेलं. हे फार जणांना माहीत नसतं.

आता अर्थिंग. हा माझा आवडता विषय आहे, दुकानातली पोरं हसतात. गाडीत निगेटिव्हची वायर प्रत्येक बल्बपासून बॅटरीपर्यंत जात नाही, बॉडीच ती वायर असते. म्हणजे बॉडी, इंजिन आणि बॅटरी तिघं एकमेकांना चांगले जोडलेले हवेत. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते, आणि इंजिन उतरवून परत बसवताना नेमकी ती पट्टी लावायची राहते. मग काय होतं? सेल्फ मारला की शंभर-दीडशे अँपिअर परतीची वाट शोधतात, आणि त्यांना सापडते चोकची केबल, नाहीतर ॲक्सिलरेटरची. एक गृहस्थ आले होते, गंगापूर रोडचे, तक्रार काय तर सेल्फ मारला की डॅशबोर्डमागून जळका वास येतो, तीन ठिकाणी वायरिंग उघडून झालेलं, काही सापडेना. मी फक्त चोकच्या खटक्याला हात लावला आणि त्यांना म्हटलं मारा सेल्फ. दुसऱ्या वेळेला हात काढून घ्यावा लागला इतका तापला. केबलचं आवरण वितळून शेजारच्या वायरींना भाजत होतं. पट्टी लावली, सात-आठ मिनिटांचं काम, आणि तोवर त्यांनी तीन वेळा वायरिंगचे पैसे दिले होते.

मागच्या दिव्यांचं पण तेच. इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट बारीक बारीक लुकलुकते, नाहीतर ब्रेक दाबला की पार्किंग बंद पडतं, असं दिसलं तर डोळे झाकून मागच्या दिव्याचा अर्थ बघा, तो करंट परत जायला वाट नाही म्हणून शेजारच्या बल्बमधून उलटा फिरतोय. गंज खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, स्क्रू आवळा, वरून व्हॅसलिन किंवा ग्रीसचा हात फिरवा. रंगावर स्क्रू आवळला म्हणजे अर्थ मिळाला असं होत नाही.

बरं, आता परत लाइट कधी द्यायची. थेट बॅटरी लावून परत बटण दाबायचं नाही, तुमच्या अंगावर आलंच आहे ते एकदा. आणि त्याच्याही आधी पेट्रोलचे रबरी पाइप बघा, सात वर्षं उभ्या गाडीत ते कडक होऊन तडकलेले असतात आणि आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने आणखी लवकर जातात. ठिणगी आणि गळका पाइप एकत्र नको. फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा, लहानसा का होईना.

मग आमची जुनी युक्ती. २१ वॅटचा एक बल्ब होल्डरसकट घ्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि गाडीची निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये तो जोडा, म्हणजे गाडीला जे काही मिळेल ते या बल्बमधूनच. गाडीतले सगळे बल्ब, पुढचे-मागचे, काढून ठेवा, रेडिओचा फ्यूज काढा, सगळे स्विच बंद. आता हा बल्ब पेटायला नको. पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण घाबरायचं कारण नाही, कारण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही, वायर गरमसुद्धा होणार नाही. मग फ्यूज एकेक काढत जा, कुठला काढल्यावर बल्ब विझतो ते बघा. नाही विझला तर फ्यूज नसलेल्या वायरी एकेक सोडवा. नंतर एकेक स्विच चालू करत जा. हेडलाइटच्या स्विचला, बल्ब काढलेले असताना, हा बल्ब लख्ख पेटला की शॉर्ट त्याच वाटेवर. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या छोट्या दिव्यांमुळे थोडा लालसर झाला तर ते चालतं. मग एक जण बल्बकडे बघतोय आणि दुसरा वायरीचा गुच्छा हलवतोय, दाबतोय, ओढतोय, असं करत गेलं की ज्या जागी बल्ब फडफडेल तिथे टेप उघडायची. माझ्याकडे पोरगा गुच्छा हलवतो आणि मी स्टुलावर बसून चहा पीत बल्ब बघतो, वयाचा एवढा तरी फायदा. इंजिन चालू करायचा प्रयत्न मात्र या बल्बमधून करायचा नाही, सेल्फला ते पुरणार नाही, आणि इग्निशनही उगीच चालू ठेवायचं नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात म्हणजे पेट्रोल पाइप बघायचे, वायरी वाकवून-सोलून बघायच्या, अर्थ आणि इंजिनची पट्टी करायची, मग बल्बमधून करंट द्यायचा. एवढं झाल्यावरच सेट की जोड हा प्रश्न येतो.

माझा स्वतःचा हिशोब असा आहे. पद्मिनीचं वायरिंग मनातल्या मनात तीन भाग धरा, पुढचं इंजिन आणि लाइटचं, मधलं डॅशबोर्डचं, आणि मागचं. उन्हा-तेलाचा आणि उंदरांचा मार खाल्लेलं असतं ते पुढचं, आणि ते बहुतेक वेळा मी पूर्ण नवीन बनवतो. मागचं कारपेटखाली झाकलेलं असतं, ते टोकं सोडली तर पुष्कळदा ठणठणीत निघतं, त्याला उगीच हात लावत नाही. मधलं सगळ्यात अवघड, तिथे एकेक वायर बदलायची, एक काढायची आणि तीच लावायची, सगळ्या एकदम सोडल्या की चाळीस वर्षांत चार मेकॅनिकांनी केलेले उपद्व्याप कळायला मार्ग राहत नाही. तुमच्यासारखं जळणं झालं असेल तर जळालेली वायर आणि तिला चिकटून भाजलेल्या शेजारच्या, दोन्ही बदलायच्या, आणि टेप जिथपर्यंत आतून चिकट, काळी आहे तिथपर्यंत नव्हे, त्याच्या पुढे वीतभर स्वच्छ आवरण दिसेपर्यंत उघडायची. आमच्यातले लोक इथे आळस करतात. जुनी टेप चिक्कीसारखी झालेली असते, हाताला लागते, कंटाळा येतो, मग वरूनच नवीन टेप मारून टाकतात.

रेडिमेड सेटबद्दल विचारलंत म्हणून. वाईट असतोच असं नाही, पण मला आलेल्यांत काहींच्या वायरी मूळपेक्षा बारीक होत्या आणि एकाची डॅशबोर्डकडची लांबी इतकी तोकडी की तिथेच जोड मारावे लागले, म्हणजे नवीन सेटात पहिल्याच दिवशी सहा जोड. घेणार असाल तर उघडून तारा मोजा. जुन्या मापात १४/०.३० म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या चौदा तारा, साधारण १ चौरस मिलिमीटर, २८ तारांची २ ची आणि ४४ ची ३ ची. पार्किंग-इंडिकेटरला १ ची चालते, हेडलाइटच्या मुख्य वायरीला २ ते २.५, चार्जिंगच्या मुख्य वायरीला ४ च्या खाली जाऊ नका. हिशोब सोपा आहे, १ च्या वायरीतून चार मीटर लांब १० अँपिअर नेले तर पाऊण व्होल्टच्या आसपास वायरीतच जातं, २.५ च्या वायरीत जेमतेम ०.३. आणि घरगुती वायर वापरू नका, म्हणजे तिचं तांबं वाईट नसतं, बरेच लोक उगीच तसं सांगतात, पण तिचं आवरण साधारण ७० डिग्रीपर्यंतचं, इंजिनच्या डोक्यावर तेल-पेट्रोलच्या वाफेत ते टिकत नाही. ऑटोची वायर मागा, तीच घ्या.

रंग शक्यतो मूळचेच ठेवा, नाहीतर पुढचा मेकॅनिक तुम्हाला शिव्या घालेल. ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत ते सरळ आहे, ब्राउन म्हणजे बॅटरीतून थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थ. फिॲटची पद्धत वेगळी, तिला हे लावू नका. आणि कुठल्याच जुन्या गाडीत रंगावर विश्वास ठेवून कापू नका, मीटर लावूनच ठरवा, मी लाल रंगाची अर्थ वायर आणि काळ्या रंगाची बॅटरीची वायर एकाच गाडीत बघितलीय.

जोडाबद्दल आमच्या धंद्यात भांडणं होतात, सोल्डर की दाबून थिंबल. मी दाबतो. चांगला क्रिंपिंगचा पाना घ्या, पक्कडीने चेपायचं नाही, दाबल्यावर ओढून बघा, सुटला तर आत्ताच सुटलेला बरा. सोल्डर वायरीत वर चढतं, जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हिसक्यांनी नेमकी तिथेच तुटते. करायचंच असेल तर राळेचं सोल्डर, आणि जोड हलणार नाही असा बांधायचा. आम्लाची पेस्ट अजिबात नको. तीस वर्षांपूर्वी मी एका डॉक्टरांच्या ॲम्बॅसिडरला घाईत पत्र्याच्या डब्यातली पेस्ट लावून जोड मारले, काय सुंदर बसलं होतं सोल्डर, आणि एका पावसाळ्यात सगळे जोड हिरवे होऊन गळून पडले. उस्तादांनी सगळ्यांसमोर ते जोड माझ्या हातावर ठेवले, बोलले काहीच नाहीत. जोड एका ठिकाणी आणू नका, दोन-दोन इंच मागेपुढे ठेवा, वरून हीट श्रिंक स्लीव्ह, आणि गुच्छाला कापडी हार्नेस टेप. घरातली काळी-पिवळी टेप उन्हाळ्यात घसरते आणि गोंद मागे ठेवते.

हेडलाइटला रिले लावाच, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. १००/९० वॅटचे बल्ब लावलेत का बघा, दोन मिळून साडेसोळा अँपिअर, आणि ते सगळे त्या बिचाऱ्या जुन्या स्विचमधून. ५५/६० वर या आणि हाय-लोसाठी एकेक रिले घ्या, बॅटरीकडून १५ अँपिअरचा फ्यूज टाकून नवीन जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून बल्बला, ८५ अर्थला आणि स्विचकडून येणारी जुनी वायर ८६ ला. मग जुन्या स्विचला फक्त रिले चालवायचं काम, पाव अँपिअरपेक्षा कमी, तो आणखी वीस वर्षं जाईल. आणि मूळ वायरिंगला हात लागत नाही, उद्या कोणाला ओरिजिनल हवं असेल तर दोन पिना काढल्या की झालं. डायनामोवाली गाडी असेल तर त्याची ताकद जेमतेम वीस-बावीस अँपिअर असते हे लक्षात ठेवून मग लाइट, हॉर्न आणि म्युझिकची स्वप्नं बघा.

घरी तुम्ही काय करू शकता, तर अर्थ, फ्यूज क्लिपा, बल्ब होल्डर, मागचे दिवे, आणि बल्बची ती टेस्ट, हे सगळं. शनिवार-रविवार दोन आठवडे धरा. प्रत्येक वायर सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो आणि मास्किंग टेपवर नंबर. वायर ओढून काढायची असेल तर जुन्या टोकाला सुतळी बांधून ओढा, म्हणजे नवीन वायर त्याच सुतळीने परत आत जाते. इग्निशन स्विचकडे जाणारी मुख्य वायर, चार्जिंग, आणि स्टिअरिंग कॉलमवरचे स्विच मात्र जाणकाराकडे द्या, तिथे फ्यूज नसलेला करंट असतो. जाणकार कसा ओळखायचा? जो पैसे सांगायच्या आधी मीटर काढतो तो.

मूळ सामान हवं असेल तर उशीर करू नका. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या, कुर्ल्याच्या भंगारात मिळणारे स्विच आणि फ्यूज बॉक्स आता पूर्वीसारखे सहज सापडत नाहीत, त्यामुळे तुमचा वितळलेला बॉक्स पण फेकू नका, त्याच्या पितळी क्लिपा कामाच्या असतात.

तर आता मला तीन गोष्टी कळवा. इंजिनपासून बॉडीला पट्टी आहे का, शेडमध्ये खत होतं का, आणि जळालेल्या वायरीचा फोटो परत काढा, नुसतं टोक नको, ती गुच्छातून बाहेर पडते तिथपासून शेवटपर्यंत. बॅटरी तोवर घरात ठेवा, गाडीत नको.